हुग्गीचा लहान डबा

माझी सदसद्विवेकबुद्धी एकदाच चारचौघींत उघडी पडली. तेव्हा तिच्या हनुवटीला हुग्गी लागलेली होती.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. गल्लीतली माणसं 'आम्ही जिल्ह्याचे' म्हणत ऐटीत टँकरच्या रांगेत उभी राहायची. (पाणी मात्र अजून तालुक्याएवढंच!) मी नांदेडहून ह्या ख्रिस्ती घरात आलेली नवी सून, बायबलच्या वर्गात पहिली येणारी, म्हणजे घरात असह्य.

शेजारच्या गंगाकाकू लिंगायत. त्यांच्या चहासाठी सासूबाई पातेलं वेगळं ठेवायच्या. त्यात कधी अंडंसुद्धा उकडलं नव्हतं. मला हसू यायचं.

"आई, भांड्याला कुठं पाप लागतं?"

"भांड्याला न्हाई गं. काकूच्या मनाला लागतं."

यात्रेच्या दिवशी आम्ही टँकरवर असताना काकू ओट्यावर हुग्गी ठेवून गेल्या. गव्हाची, गुळाची खीरच ती, वर तुपाचा तवंग! एक मोठं पातेलं आणि एक लहान डबा. मी घागर घेऊन आधी पोचले. लहान डबा म्हणजे सुनेचा, हे सांगायला कुणी लागतं? उभ्या उभ्या संपवला.

मग जेवणं. उमरीहून आदल्या दिवशीच ह्यांच्या आत्या आल्या होत्या, नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या. पातेलं बघून त्या थबकल्या.

"यात्रेची हाय न्हवं? निवदाची?"

"असली म्हणून काय झालं?" मी प्रवचनाला उभी! "अन्न ते अन्न! तुमचा विश्वास अजून कच्चा आहे, आत्याबाई!"

"असंल कच्चा. पर माझं मन घेईना, माय."

त्यांनी भाकरी-कांदा ओढला. मी थांबायचं ना? वाटी भरून त्यांच्यापुढं आदळली. "खायलाच पाहिजे! काकूंना काय वाटेल?"

आत्याबाईंचे डोळे भरले. तेवढ्यात दारात साक्षात काकू!

"अगं, ती वाटी तिच्यापुढं कशाला? ती खात न्हाई, ठाऊक हाय मला. तिच्यासाठी दुसऱ्या चुलीवर वेगळी शिजवली. देवापाशी नेलीच न्हाई. लहान डबा कुठाय?"

टँकरच्या मोजक्या पाण्यात दोनदा शिजवलं! दोन चुली! एका परक्या बाईच्या मनासाठी! सासूबाईंनी काकूंकडं असं आदरानं बघितलं, जसं मी बायबलच्या वर्गातही कुणाकडं बघितलं नव्हतं.

"कोणता डबा?" मी विचारलं. (तोवर रिकामा डबा माझ्या पदराखाली गेला होता.)

आत्याबाई उठल्या. आपल्या पदरानं माझी हनुवटी पुसली. "सूनबाईचा इश्वास लई पक्का हाय. समदं पचवतो!"

काकू हसून हसून उंबऱ्यावरच बसल्या. "ऱ्हाऊ दे गं. उद्या टँकर आला की पुन्हा करते." सासूबाईंनी त्या वेगळ्या पातेल्यात चहा टाकला आणि तिघी एकमेकींना बशी पुढं करत प्यायल्या.

मला कुणी बोलावलं नाही. बरोबरच होतं. घरात 'सगळं चालतं' म्हणणारी मी एकटी, आणि सगळ्यांना चालेल अशी एकच गोष्ट त्या दिवशी घरात आली होती, तीच मी खाऊन बसले होते!