चाळिसाव्या सकाळी अडणारं मशीन

गुटख्याची पिंक पडलेले कीबोर्ड, झुरळांच्या अंड्यांनी भरलेले सीपीयूचे डबे, पंख्यात अडकून सुकलेली पाल, सगळं संघमित्रानं हुडको वसाहतीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नऊ वर्षं उघड्या हातानं साफ केलं. बाकीचे नाक मुरडायचे, ती नाही. वडील आनंदराव स्टील प्लांटात कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर होते. त्यांचे कपडे धुऊन तिची घाणीची किळस लहानपणीच गेली होती. कॉम्प्युटर दुरुस्ती तिला दुकानाचे मालक रूपेशभाऊ यांनी शिकवली. त्यांच्याबद्दल कुणी वाकडं बोललेलं तिला खपत नसे.

एक काम मात्र भाऊ कुणाला देत नसत. अहिवारा गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमधलं कॉम्प्युटरचं मशीन महिना-दीड महिन्यानं सकाळी अडून बसायचं. फोन आला की ते स्वतःच मोटरसायकल काढायचे. मार्चमध्ये ते साळ्याच्या लग्नाला बालाघाटला गेले, मोबाईल लागेना, आणि लॅबच्या काउंटरवरच्या सिंधुताईंचा फोन दुकानात संघमित्रानं उचलला.

"सॉफ्टवेअर खुलूनच नाही राहिलं, बाई. दहा माणसं उपाशी पोटी बसली आहेत. मी नावं कुठं चढवू?"

ती स्कूटी घेऊन निघाली. पोचली तेव्हा बाकावर बळीराम नावाचे एक म्हातारे भिंतीला डोकं टेकून बसले होते. शुगरची तपासणी होती, काल रात्रीपासून पोटात काही नव्हतं.

मशीनवर लिनक्स होतं. मशीन सुरू झालं की ही ऑपरेटिंग सिस्टिम एकेक सेवा, म्हणजे मागं चालणारा छोटा प्रोग्राम, उठवत जाते: नेटवर्क, प्रिंटर, डेटाबेस. कोण आधी, कोण मागून, कोण उठलं नाही तर कुणी थांबायचं, हे छोट्या छोट्या फायलींत लिहिलेलं असतं. संघमित्रा त्याच फायली उघडत गेली. रिपोर्टचं सॉफ्टवेअर अडलं होतं डेटाबेससाठी, आणि डेटाबेस अडला होता 'सिस्टिम-हेल्पर' नावाच्या एका सेवेसाठी. असली सेवा तिनं कुठंच पाहिली नव्हती.

ती सेवा जी फाईल चालवायची, त्यात जेमतेम बारा ओळी होत्या. मशीन सुरू झालं की आकडा एकनं वाढवायचा. चाळीस झाले की मुद्दाम नापास व्हायचं, उठायचंच नाही. मग डेटाबेस उठणार नाही, आणि कुणीतरी आकडा पुन्हा शून्यावर आणेपर्यंत लॅब बंद.

फाईलच्या सगळ्यात वर, लिहिणारीचं म्हणून, तिचं स्वतःचं नाव होतं.

सहा वर्षांपूर्वी भाऊंनी तिला हे लिहायला दिलं होतं. गिऱ्हाइकाला मशीन किती वेळा चालू होतं ते मोजायचं आहे, म्हणाले होते. मोजणी तिची होती. चाळिसाची अट नंतर कुणीतरी खाली चिकटवलेली, आणि या मशीनला भाऊंशिवाय कुणी हात लावत नसे. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. ती मागच्या नळावर गेली, दोनदा चुळा भरल्या, तरी तोंडाची चव जाईना.

परत येऊन तिनं ती सेवा काढली, डेटाबेसच्या फाईलमधली त्या सेवेची ओळ काढली, मशीन पुन्हा सुरू केलं. सॉफ्टवेअर उघडलं. बळीरामांचं रक्त पहिलं घेतलं.

"झालं काय होतं?" सिंधुताईंनी विचारलं.

"बिघाड नव्हता, काकू. मुद्दाम टाकलं होतं. रूपेशभाऊनं. पण त्यातलं मोजायचं काम माह्या हातचं आहे."

सिंधुताईंनी दाराकडे पाहिलं. "हळू बोल, बाई," एवढंच म्हणाल्या.

दोन दिवसांनी रूपेशभाऊ दुकानात आले, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. ऐकून हसले.

"मशीन बिगडेगी नहीं, तो अपने को बुलाएगा कौन? तू त अशी बोलून राहिली, जशी मी कोणाची किडनी काढली."

"लोक उपाशी बसले होते, भाऊ."

"मग? मी जातोच ना दर वेळी." त्यांनी चहाचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

तिला त्या ग्लासाला हात लावावासा वाटेना. ज्या माणसाच्या पाया पडून तिनं पहिला पगार घरी नेला, त्याच्या बोटांकडे आता तिला पाहावेना. तिनं दुकानाची किल्ली काउंटरवर ठेवली आणि पायऱ्या उतरली.

लॅबच्या डॉक्टरांकडे रूपेशभाऊ तिच्या आधी पोचले. फाईलची एक प्रत त्यांच्याजवळ होतीच, वर तिच्या नावासकट. डॉक्टरांनी तिला फोनवर चोर म्हटलं. सिंधुताई शेजारीच असतील, पण बोलल्या नाहीत.

"तुनं नाव कावून लिवलं होतं त्याच्यात?" आनंदरावांनी विचारलं.

"पहिल्यांदाच प्रोग्राम लिवला होता, बाबा. मले लई आवडलं होतं."

ते चष्मा पुसत बसले.

आता ती कोहक्यातल्या आपल्या घरूनच दुरुस्ती करते. मशीन हाती आलं की त्याच्या मालकाला शेजारी बसवते आणि सुरू होणाऱ्या सेवांची यादी एकेक करून वाचून दाखवते. लोक जांभया देतात, पुन्हा येत नाहीत. रूपेशभाऊंच्या दुकानावर नवी पाटी लागली आहे असं ऐकलं. तिनं पाहिली नाही. हुडकोत काम निघालं तर ती मागच्या गल्लीनं जाते.