बेबीताईंनी घेतलेली वजनं खरी होती

बेबीताई खोटारड्या नव्हत्या. चूक माझ्या कोडमध्ये होती.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून ऑफिसच्या ग्रुपवर त्यांचा हसरा फोटो फिरतोय. 'आमच्या निष्ठावान कार्यकर्त्या.'

लाज वाटू द्या थोडी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वर्धेच्या आमच्या संस्थेत बेबीताई सर्व्हेचं काम करायच्या. आर्वीकडची गावं त्यांच्याकडे होती. खांद्याला वजनकाटा अडकवून एसटीने जायच्या आणि लहान लेकरांची वजनं घ्यायच्या. आधी एकदा, सहा महिन्यांनी परत एकदा.

लेकरू रडत असलं तर वजन लिहायच्या नाहीत. "रडणं थांबू द्या, काटा हालून राह्यला," म्हणायच्या आणि थांबायच्या.

सगळ्यात आधी त्यांचंच काम पूर्ण झालं. म्हणून R या कॉम्प्युटरच्या भाषेत मी लिहिलेला प्रोग्राम सगळ्यात आधी त्यांच्याच डेटावर चालला.

आणि प्रत्येक लेकराचं पहिलं आणि शेवटचं वजन सारखं आलं.

सरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर त्यांना उभं केलं.

"दुसऱ्यांदा गावात गेल्याच नाही ना तुम्ही? घरी बसून तेच आकडे उतरवले."

"सर, माहं रजिस्टर काढून पाहा ना."

"रजिस्टर काय पाहायचं? कॉम्प्युटर दाखवून राह्यला ना सगळं."

रजिस्टर शेजारच्या खोलीतल्या कपाटात होतं. कोणीही उठलं नाही. मीही नाही.

बेबीताईंनी वजनकाटा टेबलवर ठेवला आणि निघून गेल्या. त्यांना परत कामावर घेतलं नाही.

आठ दिवसांनी दुसऱ्या ताईंचा डेटा आला. त्यातही तेच. तेव्हा कुठे मी कोड उघडला.

मी 'मूल' नावाचा क्लास, म्हणजे माहितीचा साचा, केला होता. त्याच्या आत फील्ड म्हणून, म्हणजे रकान्यात, दुसरा क्लास, 'तपासणी'. एक फील्ड पहिल्या तपासणीचं, एक शेवटच्या. दुसऱ्यांदा नवी तपासणी तयार करायच्या ऐवजी मी पहिलीच उचलून तिथे ठेवली आणि तिच्यात नवं वजन भरलं.

मला वाटलं, तिची वेगळी प्रत होते. या प्रकारच्या क्लासमध्ये तशी होत नाही. दोन्ही फील्डमध्ये एकच तपासणी बसली होती. नवं वजन लिहिलं की जुनं पुसलं जायचं.

'कॉपी' एवढाच एक शब्द लिहायचा राहिला होता.

मग रजिस्टर काढलं. दोन्ही वेळची वजनं वेगवेगळी, स्वच्छ अक्षरात. समोर आयांचे अंगठे, सह्या.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "दुरुस्त कर आणि गप्प बस. आता तिला बोलावलं तर आपलीच इज्जत जाईल."

मी दुरुस्त केलं. आणि गप्प बसले.

नोकरीची भीती होती, असं मी स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे चूक माझी आहे हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

चार महिन्यांनी त्यांच्या गावी गेले. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. बसा म्हणाल्या नाहीत.

"काऊन आल्या मॅडम?"

मी सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही.

"हे मले काय सांगता? मले तर माहीतच होतं. वजनं मीच घेतली होती ना."

"बेबीताई, मला माफ करा."

"माफी नाई मागाची. ज्याइच्यापुढं मले खोटी म्हटलं, त्याइले सांगा. चारचौघात म्हटलं, चारचौघात सांगा."

मी हो म्हटलं. आणि सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी त्या गेल्या. छातीत दुखलं, आर्वीला नेईपर्यंत संपलं. त्यांच्या मातीला ऑफिसमधून कोणी गेलं नाही. फोटो टाकणाऱ्यांपैकीही नाही.

सर, तुम्हाला टॅग केलंय. त्या मीटिंगला बसलेल्या सगळ्यांना केलंय. टॅग काढून टाका, पोस्ट राहील. रजिस्टरच्या पानांचे फोटो जोडलेत, लेकरांची नावं झाकून. वाचा. तेव्हा वाचायला हवं होतं.

आणि माझ्या कमेंटमध्ये येऊन 'किती धाडस' वगैरे लिहू नका. मी वर्षभर उशिरा बोलतेय.

बेबीताई, माफी मागत नाही. चारचौघात सांगितलं, एवढंच.

येते.