डायनासोरांचं पाणी रस्त्याला

गेली सहा वर्षं मी डायनासोरांच्या बातम्या मराठीत सांगतोय. डायनासोरांचं उद्यान उभारायचा एक व्हिडिओ गेम आहे, त्याच्या बातम्या. नवा प्राणी कोणता येणार, अपडेट पुन्हा का लांबलं, कुठल्या देशातल्या हौशी माणसाने कसलं उद्यान बांधलं, हे दर रविवारी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसून सांगायचं. बाकीचे सहा दिवस मी वडवणीच्या एका कॉलेजात लिपिक. ऐकणारे विचारतात एकच, गेम फुकट कुठे मिळेल? उत्तरं देऊन देऊन मी विटलोय.

तरी बंद केलं नाही, ते धाकट्या बहिणीमुळे. ती आणि दाजी दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, गुढीपाडव्याच्या आसपास परततात. गावी असली की रविवारी ती माझ्याकडे यायची. माउसला तिने कधी हात लावला नाही. शेजारी पाय पोटाशी घेऊन बसायची आणि हुकूम सोडायची. झाडं इथं लाव. ते लांब मानेचे तिकडं सोड, त्यांना एकटं नको ठेवू. मी ऐकायचो, कारण भांडायला त्राण नसायचं. शिवाय खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

मागच्या वर्षी चाहत्यांच्या ग्रुपवर एक स्पर्धा आली, आपल्या मुलखासारखं उद्यान बांधा. निवडलेली उद्यानं गेमवाले स्वतः दाखवणार होते. आम्ही माळ केला, बाभळी लावल्या, मागे डोंगराची बोडकी रांग ओढली. पाण्याची वेळ आली तेव्हा तिने सगळे तलाव रस्त्याला चिकटून घ्यायला लावले.

"मधी टाकू की," मी म्हणालो.

"मधी कावून? टँकरचा पाइप पुरायचा न्हाई."

गेममध्ये टँकर नसतो. तलाव काढला की पाणी आपोआप येतं, आटत नाही. हे तिला समजावलं, तर ती म्हणाली, "आज हाय. उद्याचं कुणी पाह्यलंय?" मग तलाव रस्त्यालाच राहिले. सगळी जनावरं कुंपणाशी गर्दी करून उभी राहायची, पर्यटकांच्या गाड्यांनी बिथरायची आणि आठवड्यातून एकदा तरी कुंपण मोडायची. ती हसायची. "पाण्यावर भांडणं व्हतातच, दादा," म्हणायची.

दिवाळी झाली आणि ती गेली. स्पर्धेची मुदत जवळ आली होती. मी एका दुपारी बसलो आणि सगळे तलाव आत सरकवले. तासाभराचंही काम नव्हतं. जनावरं शांत झाली, कुंपण मोडायचं थांबलं, आणि मला हुश्श वाटलं. तिला फोन करून विचारायचं मनात आलं होतं. पण ती उसाच्या फडात असेल, वाद घालेल, कशाला, म्हणून टाळलं.

उद्यान निवडलं गेलं. मी हरखून तिला गेमवाल्यांचा व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"पाह्यला. चांगला हाय," ती म्हणाली. "पण आपला कुठंय ह्यो?"

मी गेमचे नियम सांगू लागलो. ती हं हं करत राहिली आणि मोळ्या बांधायच्यात म्हणून फोन ठेवला.

पाडव्याला ती परतली. काळवंडली होती, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. रविवारी मी कॉम्प्युटर लावून तिला बोलावलं. नवं उद्यान करू, तू म्हणशील तसं, म्हणालो. ती दारातूनच म्हणाली, "तुला येतंय की समदं. मला कावून इचारतोस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती. चुकलो म्हणालो, तर "त्यात काय एवढं" म्हणत ती ओसरीवर जाऊन आडवी झाली आणि लगेच झोपली. मी कॉम्प्युटर बंद केला. फडात तिला मुकादम सांगतो, घरी दाजी सांगतात. तिने सांगावं आणि तसंच व्हावं, अशी तिला एवढी एकच जागा होती. ती मी तिच्या माघारी दुरुस्त करून टाकली होती.