काचेपुढचे आप्पा

आप्पा बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत. त्यांची नजर आपल्या कानावरून पलीकडे कुठेतरी लागलेली असे. नव्या माणसाला वाटे, मागे कोणीतरी उभं आहे. तो वळून बघे, तर मागे बॉयलरच्या ड्रमला लावलेली हातभर उंचीची काच. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते या काचेत दिसतं. ते अर्ध्यावर ठेवायचं, हे आप्पांचं काम. पाणी वाढलं तर ते वाफेबरोबर जाऊन टर्बाईनची वाट लावतं. कमी झालं तर नळ्या जळतात, आणि फारच कमी झालं तर आसपास उभ्या असलेल्यांना पुढची काळजी करावी लागत नाही.

साखर कारखान्यात या कामाला वॉटरमन म्हणतात. एकदा पाहणीला आलेल्या एका नव्या संचालकांनी हे पद ऐकून आप्पांकडे प्यायला थंडगार पाणी मागितलं होतं. आप्पांनी नजर न हलवता सांगितलं, "हितलं पाणी तुमास्नी सोसायचं न्हाय, पावणं."

मी त्याच कारखान्यात शिफ्ट केमिस्ट होतो. मंगळवार पेठेत राहायचं आणि कारखान्याच्या बसने कुरुंदवाडच्या बाजूला जायचं, अशी माझी बरीच वर्षं गेली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिथे जे घडलं ते दुसरीकडेही घडलं असतं, फक्त फेट्यांचा रंग वेगळा असता. बॉयलरच्या पाण्याचा नमुना मला खालच्या मजल्यावरही मिळायचा. पण वर गेलं की आप्पांचा चहा मिळे, म्हणून मी लोखंडी जिना चढून वर जाई. उन्हाळा काय आणि थंडी काय, त्या फलाटावर एकच ऋतू असायचा.

आप्पांची एक खोड होती. काचेत पाणी स्वच्छ दिसत असलं तरी ते खालचा कॉक उघडून काचेतलं पाणी सोडून देत आणि नवं पाणी किती झपाट्याने वर येतं ते बघत. वाटेत गाळ अडकला तर बॉयलर रिकामा होत आला तरी काचेत जुनं पाणी तसंच उभं राहतं. "ह्यो आकडा खरा हाय का शिळा, कुणी सांगावं?" असं म्हणत ते कॉक फिरवत. शिफ्ट इंजिनिअरची तक्रार होती की सारखं असं केल्याने काच झिजते. त्याचंही चुकत नव्हतं, काच खरोखरच झिजायची. आप्पा म्हणत, "झिजू दे की. काच स्टोअरात मिळती." आणि पुन्हा कॉक उघडत. रोज आठ तास अशा माणसाबरोबर काढणं सोपं नसतं. मी चहापुरता जात असे, म्हणून माझं त्यांच्याशी जमलं.

दुसरी गोष्ट ते प्रत्येक नवशिक्याला ऐकवत. पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच दिसायला सारखीच. मधे पाण्याची रेघ दिसली तरच काय ते कळतं. हे तत्त्व त्यांनी बॉयलरपुरतं ठेवलं नव्हतं. वार्षिक सभा आटोपून मी वर गेलो की विचारत, "काय केमिस्टसाहेब, अध्यक्ष दोन तास बोलले म्हणं. रेघ दिसली का कुठं?" मी नाही म्हणून मान हलवली की समाधानाने चहा ओतत.

पण आप्पा हंगामी होते. ऊस संपला, धुराडं थंड झालं की त्यांचं काम संपे. मग उरलेले महिने ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत लोखंड ओतायच्या साच्यांची वाळू हलवायला जात. दर हंगामाला ते परत येताना खोकला बरोबर आणत, आणि दर वर्षी तो थोडा जास्त दिवस मुक्काम करी. कारखान्याने कायम केलं असतं तर फाउंड्री सुटली असती. आप्पांना आयुष्यात एवढंच हवं होतं, आणि ते मागताना त्यांच्या आवाजात नेहमीचा चढ नसे.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी ते जवळजवळ झालं होतं. हंगामाआधी आमच्याकडे बॉयलर अग्निप्रदीपन होतं. चिपाडाला आग लावायची, एवढंच मूळ काम. पण त्याला मांडव, फेटे, सनई, अध्यक्षांची सपत्नीक पूजा आणि साखरेच्या जागतिक परिस्थितीवर भाषण लागतं. त्या भाषणात काही हंगामी कामगारांना कायम केल्याचं जाहीर होणार होतं. आप्पांचं नाव त्यात आहे, असं लेबर ऑफिसरने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. आप्पांनाही सांगितलं असावं, कारण त्यांनी दाढी केली होती.

त्या वर्षी सजावट अध्यक्षांच्या भाच्याकडे होती. फोटोत बॉयलर भुंडा दिसतो, असं त्याचं मत पडलं. त्याने माणसं वर चढवून ड्रमच्या दोन्ही टोकांना असलेल्या दोन काचांवर झेंडूचे जाडजूड हार तारेने आवळले आणि काचांवर हळदकुंकवाचे पट्टे ओढले. बॉयलरला डोळे असतात हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं, त्याशिवाय नेमके तेच झाकले नसते.

मंत्र संपत आले, अध्यक्षांच्या हातात पेटता पलिता आला आणि वरून आवाज आला, "थांबा ओऽ! पाणी दिसंना!"

सनई थांबली. आप्पांनी तार उपसली आणि हार ओढला. झेंडूची फुलं फलाटाच्या जाळीतून पाहुण्यांच्या फेट्यांवर पडली. ही ठरवलेली पुष्पवृष्टी समजून मांडवात टाळ्या झाल्या. मग आप्पांनी खांद्यावरच्या फडक्याने कुंकू पुसलं, कॉक उघडून बंद केला, वाकून बघितलं आणि ओरडले, "हाय पाणी! पेटवा आता!"

अध्यक्षांनी पेटवलं. एका हंगामी वॉटरमनने हुकूम दिला आणि अध्यक्षांनी तो पाळला, असं ते दृश्य होतं. पाणी अगदी बरोबर अर्ध्यावर होतं, हेही सांगितलं पाहिजे. आप्पांनी हार काढला नसता तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. भाषणात नावं वाचली गेली. आप्पांचं आलं नाही.

पुढच्या काही दिवसांत त्या हाराला जात चिकटली. आप्पा बौद्ध घरातले. पाणी दिसत नव्हतं म्हणून हार काढला, हे साधं कारण लोकांना पुरेना. मुद्दाम काढला, असं कॅन्टीनमध्ये बोललं जाऊ लागलं. आप्पांच्या कानावर आलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या विहारातला हार आसता तरी काढला आसता. काचंला हार कशापायी?" त्याहून जास्त ते या विषयावर बोलले नाहीत. काही कोटी लिटर पाणी नजरेखालून गेलेल्या माणसाला माणसांची पातळी बघून नवल वाटत नसावं.

लेबर ऑफिसर भला होता. त्याने आप्पांना अध्यक्षांच्या केबिनमध्ये नेलं. मलाही नेलं, आप्पा माझं ऐकतात, असा त्याचा गैरसमज होता.

अध्यक्ष म्हणाले, "आप्पा, चुकलं म्हण. विषय संपला."

"काय चुकलं सांगा की सायेब. तेवढंच म्हंतो."

"देवाचा हार काढलास."

"देवाच्या फोटूचा हाय की तसाच. म्या काचंचा काढला."

"आणि पावण्यांच्या म्होरं मला थांबवलंस, त्येचं काय?"

"ते व्हय. आवाज लई चढला. ते चुकलं."

अध्यक्ष हसले. माणूस वाईट नव्हता; फेटा उतरवला की बरा वाटायचा. "मग आता आसं कर. फुडल्या प्रदीपनाला गप हुबा ऱ्हा. हार हाय तितंच ऱ्हाईल. त्याच दिवशी तुला कायम करतो. शब्द हाय माझा."

हंगाम झाला, आप्पा फाउंड्रीत गेले, पावसाळा सरता सरता हंगामाआधीच्या दुरुस्तीला खोकत परत आले. त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो, मला कारखान्याच्या फाटकापाशी गाठलं. म्हणाल्या, "भावजी, ह्येंला सांगा की. एक दिस डोळं झाकून घ्या म्हणावं. त्या वाळूत आता मी ह्येंला जाऊ देत न्हाय." मी आप्पांना निरोप दिला. ते म्हणाले, "मला पन तेच सांगती व्हय ती." आणि कॉक फिरवत राहिले.

प्रदीपनाच्या दिवशी आप्पांनी सकाळी काच बघून घेतली. मग भाच्याला सांगून बघितलं, "दादा, काचा तेवढ्या सोडून बांधा की हार." तो म्हणाला, "मामांनी हितंच बांधा म्हणून सांगितलंय." दुपारपर्यंत खाली माणसांची नुसती जत्रा होती. त्या गर्दीत कोणाचा हात कुठल्या व्हॉल्व्हला लागला, कोणी काय उघडलं, हे वरून कळायला मार्ग नव्हता. मी मुद्दाम अशा कोपऱ्यात उभा राहिलो जिथून ड्रम दिसत होता. पहिल्या रांगेत, बॉयलरपासून दहा पावलांवर, वहिनी नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. मुलंही होती.

पलिता पेटला. अध्यक्षांनी एकदा वर बघितलं. मीही बघितलं. आप्पा काचेकडे पाठ करून, कठडा दोन्ही हातांनी धरून उभे होते. त्यांच्या मागे झेंडू पिवळाधमक दिसत होता. वरून आवाज आला नाही. सनई सुरू राहिली, चिपाडाने आग धरली, धूर निघाला. भाषणात पहिलं नाव आप्पांचं आलं. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि आजूबाजूच्या बायकांनी त्यांचे हात धरले. काही झालं नाही. एवढ्या वर्षांत अशा कार्यक्रमांत काही होताना मी बघितलंच नाही, म्हणून तर ते चालू राहतात.

त्याच आठवड्यात आप्पा चीफ इंजिनिअरकडे गेले आणि आपल्याला बॉयलरवरून हलवा म्हणाले. तो चक्रावला. "अहो, कायम झालात आणि आता काम नको म्हणताय?"

"कायम झालो ते न बघण्याबद्दल, सायेब. आता बघायला कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्यांना गेस्ट हाऊसवर पाठवलं. तिथे ते चादरी बदलत, कुंड्यांना पाणी घालत, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी फाटक उघडत. फाउंड्री सुटली. खोकला हळूहळू कमी झाला. माझा वरचा चहा बंद झाला आणि मी खालच्या मजल्यावरून नमुना घेऊ लागलो. काही वर्षांनी नवा बॉयलर आला. पाण्याची पातळी गार खोलीतल्या पडद्यावर हिरव्या आकड्यांत दिसू लागली. फीत कापून त्या पडद्यालाही हार घातला, पण आकडे दिसतील असा. वॉटरमन हे पदच संपलं. लोक म्हणाले, आप्पा हुशार, वेळेवर बाजूला झाले. आप्पांनी कोणाला दुरुस्त केलं नाही.

निवृत्त झाल्यावर ते एकदा मंगळवार पेठेत माझ्या घरी आले. दवाखान्यात काहीतरी काम होतं. चहा पिताना इकडचं तिकडचं झालं, आणि मी उगाच म्हणून गेलो, "त्या दिवशी पाणी बरोबरच होतं की, आप्पा."

"आसंल की. न्हाईतर आज हितं च्या प्यालो नसतो."

"मग कशाला मनाला लावून घेतलंत?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "मला ठावं न्हवतं, साहेब. खाली बायकू बसलीती, पोरं बसलीती. सगळी माज्याकडं बगून हसत हुती. अन् मला ठावं न्हवतं."

मी त्यांच्या बशीत आणखी चहा ओतला. आता वहिनी गेल्या आणि त्यांच्या मागोमाग आप्पाही, म्हणून हे लिहायला हरकत नाही. माझ्याकडे आले त्या दिवशी कुरुंदवाडच्या एसटीची वेळ झाली म्हणून ते उठले, दारात चपला घालताना थांबले आणि म्हणाले, "आमच्या घरात ह्ये कधी बोलू नगा हं. तिच्या लेखी तो लई चांगला दिस हाय."