राहेलचा हेवा

राहेल गेल्याची बातमी मोखाड्याहून आलेल्या गाडीवानाने सांगितली. तापाने गेली, म्हणाला, आणि शेवटपर्यंत शांत होती. मला रडू आलं, पण त्याआधी हेवा वाटला... मरतानाही हिला शांती मिळावी! आता दीड महिना उलटला आहे. तिच्याविषयी खरं लिहायचं तर या हेव्याला वगळून लिहिता येत नाही.

आम्ही दोघी एकत्र सुईणपण शिकलो आणि जव्हार संस्थानातल्या मिशनच्या दवाखान्यात एकत्रच रुजू झालो. मी सावध, मोजकं बोलणारी. राहेल हसरी, जरा उतावळी. एका नाताळच्या सकाळी ती दाभोशाला सोनाय नावाच्या पहिलटकरणीला पाहायला गेली. "अजून दोन दिवस तरी आहेत," असं घरच्यांना सांगून प्रार्थनेसाठी घाईने परतली. दुपारीच सोनायला कळा सुरू झाल्या. निरोप मिळून राहेल पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. तिथेच अंगणात बसून ती सगळ्यांदेखत रडली. "चूक माझी आहे, मी थांबायला हवं होतं," म्हणाली. सोनायचा नवरा लखमा दारातून तिच्याकडे बघत होता.

त्यानंतर ती बाळंतपणाच्या पिशवीला हात लावीना. जेवण सुटलं, डोळे खोल गेले. बाळंतपणं सगळी माझ्याकडे आली. मग एका रविवारी प्रार्थनेहून आली, तोंड धुतलं आणि कात्री उकळायला ठेवली. मला ते सहन झालं नाही. "एवढ्यात विसरलीस?" मी विचारलं.

"विसरेन कशी गं, सलोमी? पण मी कबूल केलं आणि प्रभूने क्षमा केली. त्याने सोडून दिलेलं मी धरून बसले, तर त्याच्याहून मोठी न्यायाधीश मीच झाले की! आणि आज कुठेतरी कुणीतरी अडली असेल..."

ती पिशवी घेऊन निघूनही गेली. मी मात्र जळत राहिले. माझ्या हातून असं कधी घडलं नव्हतं, तरी असा हलका चेहरा मला कधी लाभला नव्हता.

सोनायला पुन्हा दिवस गेले. दिवस भरत आले तसा लखमा दवाखान्यात आला. मी पिशवी उचलून उभी राहिले. त्याने मान हलवली.

"तू नको बाय. आमचे घरी रडली ना, ती बाय धाड."

राहेल त्या घरी आठवडाभर राहिली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. परतल्यावर तिने मला मिठी मारली. माझे हात मात्र उचलले गेले नाहीत.

पुढे ती मोखाड्याला गेली, आणि आता तिच्या जागी मी आले आहे. तिच्या खोलीच्या दारात एक रुंद दगड आहे. दुपारी पाड्यावरच्या बायका येऊन त्यावर बसतात. कुणाला औषध नको असतं. पहिल्या दिवशी मी आतूनच विचारलं, "काय हवंय?"

"काय नाय," एक म्हातारी म्हणाली. "ती बसायची आमचेसंगं."

"काय बोलायची?"

"कधी बोलायची, कधी नाय."

मला पुन्हा तोच हेवा... दार लावून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात म्हातारी सरकली, दगडावर जागा केली आणि म्हणाली, "तू पण ये की बाय."

मी जाऊन बसले.