सूर्यावरचे डाग आणि जिजाबाईंचे बोंबील

चांदणी पीएचडी सोडणार, ही धास्ती चार दिवस मनालीची पाठ सोडत नव्हती. लेकीने आदळआपट केली असती तर परवडलं असतं. ती इंद्रलोक वसाहतीतल्या घरी येऊन गुपचूप भेंडी चिरत बसली होती. चांदणीने आपणहून भेंडी चिरणं कुठल्याही आईचा रक्तदाब वाढवायला पुरेसं.

पोरगी पहिल्यापासून वाकडी. उत्तनजवळच्या चौक गावी आजीकडे गेली की बाकीची पोरं समुद्र बघायची, ही आभाळ. तिसरीत वेल्डिंगवाल्याच्या काळ्या काचेतून सूर्य बघून "आजी, सूर्याला तीळ हाय!" म्हणत गावभर नाचली. आता सव्वीस वर्षांची झाली, पुण्यात शिकते, विषय तोच तीळ. साधारण अकरा वर्षांनी हे डाग वाढतात, सूर्याचे अतिनील किरण वाढतात, वरचा ओझोन तापतो आणि विषुववृत्तावर चढून लांब जाऊन उतरणाऱ्या हवेचं चक्र किंचित सरकतं. 'किंचित' ती ठासून म्हणते. स्थळं आणणाऱ्या आत्यांनाही तिने हे तासभर ऐकवलंय. आत्या आता येत नाहीत.

गेल्या महिन्यात चौकला मनालीने तो 'किंचित' गिळला. सासूबाई, जिजाबाई, बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होत्या. मनालीला लेकीचं कौतुक दाखवायची खाज सुटली.

"आई, भरपूर घाला. चांदणी म्हणते, यंदा सूर्यावर डागच डाग. ऊन कडक, पाऊस संपला."

"चांदणी म्हंते? मंग झालं!" जिजाबाईंनी होता नव्हता तो मासा टांगला.

तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. बोंबलांचा असा लगदा झाला की मांजरांनीही तोंड फिरवलं.

रविवारी चांदणी आजीला भेटायला गेली, तर स्वागत झालं, "काय गो, एवरी शिकलीस, आनि पाऊस कळत न्हाय? माझा मासा कुजवलास!"

तेव्हापासून ही भेंडी.

"उद्या गाईड मॅडमना सांगून टाकते, पीएचडी सोडतेय," चांदणी म्हणाली.

"अगं, चार बोंबलांसाठी?"

"बोंबलांसाठी नाही, मम्मी. डागांवरून उद्याचा पाऊस कळत नाही, कित्येक वर्षांच्या नोंदी पाहाव्या लागतात, एवढं आजीला गणपतीत समजावलं होतं. तिला उलटंच कळलं. म्हणजे मला सांगताच येत नाही."

मनाली पाणी प्यायली. चार दिवसांत ती सोळा वेळा खरं बोलायला गेली होती आणि दर वेळी "भात वाढू?" म्हणून परतली होती. कबूल केलं तर सासूबाई प्रत्येक हळदीत, प्रत्येक बारशात हा किस्सा सांगणार, तोही हातवारे करून. सांगोत.

"चांदणी, इथे बस. एक शब्द बोलू नकोस, नुसतं ऐक."

"काय झालं?"

मनालीने फोन स्पीकरवर टाकला आणि जिजाबाईंचा नंबर लावला.