गल्लीचे ओटीपी आणि आईची शपथ

आमच्याकडे कंप्युटरचं काहीही बिघडलं की फोन मला येतो. मी नांदेडला एका कार्यालयात कारकून आहे. दिवसभर कंप्युटरपुढे बसते, एवढ्या एका गुणावर मी लातूरजवळच्या मुरुडच्या आमच्या गल्लीची इंजिनिअर झाले. खरं तर मला मास्तरीण व्हायचं होतं, पण ती गोष्ट निराळी.

मुरुडला आई एकटी राहते. वडील गेल्यावर नांदेडला चल म्हणून मी खूप मागे लागले. "तिथं मी काय करू माय? तू जाशील हापिसात अन् मी बसू भिंतीकडं बघत," म्हणाली. मग मी माझा जुना कंप्युटर तिच्याकडे नेऊन बसवला, नेट घेऊन दिलं. रोज संध्याकाळी पडद्यावर लेकीचं तोंड बघून बोलेल, अशी माझी कल्पना. आईनं दोन दिवस ते तोंड बघितलं, "लई वाळलीस," एवढं सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी कंप्युटरवर विणलेला रुमाल टाकून दिला.

तो रुमाल काढला गल्लीतल्या पोरींनी. स्कॉलरशिपचा फॉर्म, परीक्षेचं हॉलतिकीट, जातीचा दाखला, काहीही असो, बाजारातल्या सेंटरवर रांगेत उभं राहण्यापेक्षा पोरी आमच्या घरी येऊ लागल्या. आई त्यांना आधी शेंगा खायला द्यायची आणि मग कंप्युटर सुरू करू द्यायची. शेंगांची टरफलं की-बोर्डमध्ये जायची आणि फोन मला यायचा.

फोनवरून कंप्युटर दुरुस्त करणं म्हणजे नुसता छळ. एकदा आईनं सांगितलं, "कंप्युटर मुका झाला." मी ऑफिसातून निघता निघता तिला पाऊण तास एकेक वायर तपासायला लावली. ही निळी बघ, ती काळी बघ, मागून दाब, पुढून दाब. शेवटी मी रडकुंडीला येऊन विचारलं, "आई, भिंतीतल्या बोर्डात पिन आहे का?" तर म्हणाली, "ती व्हय? ती मी सकाळीच काढली. चटणी वाटायची व्हती, मिक्सर कुठं लावू?" त्या दिवसापासून मी एक नियम केला. आधी पिन बघायची, मग वायर, मग माणसाला विचारायचं की सकाळपासून काय काय केलंस. हा नियम मी गल्लीतल्या सगळ्या पोरींकडून पाठ करून घेतला होता. ऐन वेळी तो मीच विसरले, ते पुढे येईलच.

पोरींच्या फॉर्मवर मोबाईल नंबर लागायचा. आता घरोघरी फोन आहेत, पण आमच्या गल्लीत घरातला फोन घरात नसतो. तो बापाच्या किंवा भावाच्या खिशात असतो, आणि बाप शेतात, नाहीतर बाजारात, नाहीतर लातूरला. पोरगी फॉर्म भरायला बसली की ओटीपी तिकडे वावरात जाऊन वाजतो. दहा मिनिटांत तो नंबर शिळा होतो. फोन कायम घरात, कायम चार्ज केलेला, आणि मालकीण कायम ओसरीवर, असा गल्लीत एकच फोन होता. आईचा. त्यामुळे एकीनं तिचा नंबर टाकला, मग दुसरीनं, आणि बघता बघता आख्ख्या गल्लीच्या फॉर्मवर आईचाच नंबर गेला. मी बारावीत होते तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा नंबर असाच सगळ्यांच्या फॉर्मवर असायचा, पुढे पी.पी. लिहिलेला, म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप तेवढा पोचवा. आई आता गल्लीची पी.पी. झाली होती.

आणि ती ते काम मनापासून करायची. चौथी शिकलेली बाई, पण आकड्यात चूक नाही. फोन हातभर लांब धरायची आणि मोठ्यानं वाचायची, "सात. सात. दोन. पूज्य. आठ. चार." शून्याला ती अजून पूज्यच म्हणते. पोरगी घरी नसेल, लातूरला कॉलेजात असेल, तर तिला फोन लावून सांगायची. दोनदा सांगायची आणि उलट तिच्याकडून तेच आकडे म्हणवून घ्यायची.

मला यातलं काही माहीत नव्हतं. गेल्या सुट्टीत मी मुरुडला गेले तेव्हा तिचा फोन हाती घेतला आणि माझ्या अंगाला घामच फुटला. शेकडो मेसेज, आणि त्यातला एकही तिचा नाही. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातल्या एका बाईंना कुणीतरी गोड बोलून ओटीपी काढून घेऊन फसवलं होतं. मी तापले. मी तापले की ऐकून घेत नाही, ही माझी जुनी खोड.

"हे सगळ्यांना सांगत सुटतेस तू?"

"मग? त्यांचेच हायत ते."

"आई, ओटीपी कुणालाही सांगायचा नसतो. कुणालाच नाही. कळलं?"

"लेकरं परकी हायत का?"

"कुणी का असेना! उद्या कुणी लुबाडलं म्हणजे?" आणि ती काही ऐकेना म्हणून मी तिचा हात ओढून माझ्या गळ्याला लावला. "माझी गळ्याशपथ आहे तुला. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही."

आईनं चटका बसावा तसा हात मागं घेतला. मला वाटलं, पटलं. मी समाधानानं एसटीत बसून नांदेडला आले.

पंधरा दिवस गेले. समोरच्या घरातली मुलगी यंदा बारावी झाली. आई-वडील दोघंही शेतात, आणि हिला नर्स व्हायचं. लहानपणी माझ्या आईच्या बोटाला कापलं तरी हीच पट्टी बांधायची. तिला पहिल्याच फेरीत लातूरच्या नर्सिंग कॉलेजात जागा लागली. सगळी गल्ली खूश. फक्त एक काम उरलं होतं. वेबसाईटवर जाऊन, ओटीपी टाकून, जागा मंजूर आहे असं कळवायचं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. नाही कळवलं तर जागा पुढच्याला.

आणि ही पोरगी शेवटच्याच दिवशी दुपारी दोन वाजता कंप्युटरपुढे बसली, कारण आदले दोन दिवस वेबसाईट उघडतच नव्हती.

सव्वादोनला मला तिचा फोन आला, शेजाऱ्याचा मोबाईल मागून आणून लावलेला. "ताई, ओटीपी येईना."

मी म्हटलं, थांब, पुन्हा मागव. पुन्हा मागवला. येईना. मी म्हटलं, आईला तिचा फोन बंद करून चालू करायला सांग. केला. येईना. नेटचा डबा बंद कर, शंभरपर्यंत मोज, चालू कर. तिनं शंभर मोजले, मला ऐकू येतील असे. येईना. दुसऱ्या ब्राउझरमधून जा. तिथं वेबसाईटनं नवाच खेळ मांडला. वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र दाखवून हे काय लिहिलंय ते ओळखा, म्हणू लागली. तीनदा चुकलं. चौथ्यांदा जमलं. ओटीपी येईना. ब्राउझरमधला जुना साठलेला कचरा पुसून टाक म्हटलं, तर पुसता पुसता पासवर्डही गेला, तो परत आठवण्यात वीस मिनिटं. मग वेबसाईटच्या मदत क्रमांकावर मी स्वतः फोन लावला. तिथं एक बाई अत्यंत गोड आवाजात, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं सांगत राहिली. मी तिला चार शब्द सुनावले. ती रेकॉर्ड केलेली होती, तिला काय त्याचं.

साडेतीन वाजले. मी साहेबांच्या बैठकीतून दोनदा उठून व्हरांड्यात आले होते. तिकडे पोरगी आता रडायला लागली होती.

"आई काय करतेय?" मी उगीच विचारलं.

"मावशी सारख्या चहा करून राहिल्यात. तीनदा झाला. फोन पदराला बांधून फिरायल्यात."

फोन पदराला बांधून. सव्वा तासात मी टॉवरला बोल लावला, वेबसाईटला लावला, नेटच्या डब्याला लावला. माणसाला विचारायचं राहूनच गेलं होतं.

"आईला दे."

आई फोनवर आली.

"आई, मेसेज आला का?"

गप्प.

"आई!"

"आलेत," आई म्हणाली. "सात आलेत."

"मग सांगितला का नाहीस तिला?"

"कसा सांगू?" आईचा आवाज फुटला. "तूच गळ्याशपथ घातलीस. पोरगी समोर रडून राहिली, माझं काळीज तुटायलंय. पर तुझ्या जिवावर कशी उठू मी? आता तूच सांग."

मी व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलेच. शपथ घातली तेव्हा मला फक्त माझं म्हणणं रेटायचं होतं. आईनं ती अक्षरशः पाळली होती. पंधरा दिवस ती येईल त्याला "न्हाई आला" म्हणत होती, आयुष्यात कधी खोटं न बोललेली बाई. गल्लीतल्या लोकांनी टॉवर बिघडला असं धरून मोबाईल कंपनीकडे तक्रारसुद्धा केली होती, हे मला नंतर कळलं.

"आई, सांग तिला. लगेच सांग."

"असं न्हाई. सुटली म्हण."

"अगं, वेळ काय, तू बोलतेस काय—"

"शपथ घातलीस तूच, सोडवायची बी तूच. तीनदा म्हण."

माझ्यामागे साहेबांचा शिपाई फाईल घेऊन उभा होता. त्याच्यासमोर, त्रेचाळीस वर्षांची मी, फोन कानाला लावून मोठ्यानं म्हणाले, "सुटली. सुटली. सुटली."

पलीकडे पदराची गाठ सोडल्याचं ऐकू आलं. मग आकडे. पण सातवा ओटीपीही केव्हाच शिळा झाला होता, आणि आठवा मागवल्यावर वेबसाईटनं कळवलं की आपण मर्यादेपेक्षा जास्त वेळा ओटीपी मागवला आहे, चाळीस मिनिटांनी प्रयत्न करा. चार वाजायला दहा मिनिटं कमी होती.

ती चाळीस मिनिटं मी कशी काढली ते मलाच ठाऊक. बैठकीत साहेब काय बोलले, एक अक्षर आठवत नाही. सारखा विचार यायचा, त्या पोरीची जागा माझ्या तापट तोंडापायी जाणार. साडेचारला मी पुन्हा बाहेर आले आणि फोन लावून ठेवला, बोलले मात्र नाही. चार एकतीसला तिनं बटण दाबलं. मिनिट गेलं. दुसरं मिनिट गेलं. मग आईच्या फोनची टिंग मला नांदेडात ऐकू आली.

"तीन," आई म्हणाली. "नऊ. पूज्य. पूज्य." तिचा श्वास लागला होता. "पाच. एक. उलट म्हण."

"तीन नऊ शून्य शून्य पाच एक."

"टाक."

मग बराच वेळ नुसता पंखा फिरल्याचा आवाज. आणि एकदम पोरगी ओरडली, "झालं! मावशी, झालं!" आणि दोघींचं रडणं. त्यात माझंही होतं.

पोरगी आईवडिलांना सांगायला शेताकडे पळाल्यावर मी आईला म्हटलं, "चुकलं माझं. पण आई, तू तरी कशाला एवढा गल्लीचा जिम्मा घेतेस? तुला किती तकलीफ."

आई म्हणाली, "तुझा फोन आला व्हता तवा कुणी सांगितलं न्हाई ना."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. बारावीनंतर मास्तरकीच्या कॉलेजातून माझ्यासाठी त्या किराणा दुकानात फोन आला होता, अमुक दिवसाच्या आत या, म्हणून. दुकानदार वाईट नव्हता, गिऱ्हाइकांच्या गर्दीत विसरला. पाच दिवसांनी आई गूळ आणायला गेली तेव्हा त्याला आठवलं. आई तशीच, गूळ न घेता, धावत घरी आली होती. माझी जागा गेली. मी दोन दिवस रडले, मग मामांकडे नांदेडला आले, कॉमर्स केलं, नोकरीला लागले आणि ते सगळं विसरूनही गेले. मला वाटायचं, आईही विसरली.

"ते अजून लक्षात आहे तुझ्या?"

"तुझं तोंड बघितलं व्हतं मी त्या दिवशी," आई म्हणाली. "म्हणून फोन घेतला तवाच ठरवलं, आपल्या दारात कुणाचा सांगावा आला तर तो अडून ऱ्हायचा न्हाई."

मग आम्ही दोघींनी मिळून नवा नियम केला. बँकेचा, पैशाचा असेल तर मेलं तरी सांगायचा नाही. पोरींच्या शाळा-कॉलेजचा असेल तर जिची तिला लगेच सांगायचा. आईनं तो दोनदा ऐकला आणि उलट म्हणून दाखवला.

पोरींच्या त्या फॉर्मवर आणखी एक चौकोन असतो, पर्यायी मोबाईल नंबरचा; ओटीपी त्यावरही मागवता येतो. गल्लीतल्या सगळ्या पोरी तो रिकामा सोडतात. मी आईला म्हटलं, "त्यात माझा नंबर टाकायला सांग."

"तुला फुरसत असती का हापिसात?" आईनं विचारलं.

"असते," मी म्हटलं.

परवा साहेबांच्या बैठकीत माझा फोन टिंग वाजला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, व्हरांड्यात गेले आणि मुरुडला फोन लावून सहा आकडे दोनदा सांगितले. मधल्या शून्याला माझ्या तोंडून पूज्यच निघालं.